शास्त्रज्ञांची सावड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. दर जूनला नवी मुलं येतात, सोबत त्यांचे आईवडील येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. तोंडी सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत. तिथं माझा जीव रमला, असं समजा.

शास्त्रज्ञ म्हणजे एकटाच खोलीत बसून शोध लावणारा माणूस ना? मग हा एवढा गोतावळा कशाला?

तो एकटा माणूस पाठ्यपुस्तकातल्या चित्रात असतो. चित्रकाराला एकच माणूस काढणं सोपं जातं.

आपल्याकडची तूर घ्या. ऐन फुलोऱ्यात हिरवीगार झाडं मर रोगानं वाळून जातात. हे का होतं ते शोधायचं तर मुळातली बुरशी ओळखणारा माणूस लागतो. रोगाला दाद न देणारं वाण तयार करणारा लागतो. जनुकं वाचणारा, आकडेमोड करणारा लागतो. आणि जिथं वर्षानुवर्षं मर येते असं शेतही लागतं, कारण वाणाची परीक्षा निरोगी रानात होत नाही. हे सगळं एकाच्या अंगी नसतं. असलं तरी एका आयुष्यात उरकत नाही.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे चटकन कळतं, कारण त्यांनी सावड पाहिली आहे. तुमचा एक बैल, आमचा एक बैल, मिळून औत. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. याला कुणी दानधर्म म्हणत नव्हतं. हिशेब तोंडी असायचा पण पक्का असायचा, आणि जो घ्यायला येऊन द्यायला येत नसे त्याला पुढच्या वर्षी कुणी विचारत नसे. शास्त्रज्ञांचं बरंचसं असंच चालतं.

पण नेमकं काय देतात-घेतात?

बियाणं, जिवाणूंची कल्चर्स, रसायनं, माती आणि दगडांचे नमुने, यंत्रावरचा वेळ, डेटा, संगणकाचे प्रोग्राम, आणि चार महिन्यांसाठी एखादा विद्यार्थीसुद्धा.

माझ्या मते सगळ्यात किमती वस्तू मात्र कुठल्याच यादीत नसते. ती म्हणजे ‘ते तसं करू नका, आम्ही करून फसलोय’ हे वाक्य. पेपरात यशाची कृती छापतात, फसलेली छापत नाहीत. आम्ही तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू वाढवत होतो. तिसऱ्या दिवशी प्लेटा कोऱ्या दिसल्या की फेकून द्यायचो. असे दोन महिने गेले. शेवटी दुसऱ्या गावच्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो सर, तुरीचे बहुतेक जिवाणू सावकाश वाढणारे असतात. आठवडाभर थांबा की.” थांबलो. आले. दोन महिन्यांचं काम एका फोनवर सुटलं, आणि त्या फोनचा उल्लेख कुठल्याही पेपरात नाही.

बियाणं एकमेकांना देतात म्हणजे काय? परभणीचं वाण परभणीचंच ना?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना हे जरा जड जाईल, पण परभणीच्या नावानं देशभर गेलेल्या वाणांच्या घरात डोकावलं तर आजोळ भलतीकडेच निघतं.

‘परभणी क्रांती’ ही भेंडी घ्या. भेंडीवर केवडा येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे फळंही फिकट होतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा सावनी’ त्या काळी गाजलेली होती, पण केवड्यापुढे टिकेना. परभणीच्या कृषी विद्यापीठात तिचा संकर अबेलमोशस मॅनिहॉट या भेंडीच्या दूरच्या भावकीतल्या जातीशी केला आणि रोगाला तोंड देण्याचा गुण तिच्याकडून उचलला. म्हणजे आई दिल्लीकडची, बाप रानातला, आणि नाव परभणीचं. कष्टही परभणीचे, हे विसरू नका. दोन वेगळ्या जातींचा संकर सहजासहजी बी धरत नाही.

दुसरं उदाहरण ज्वारीचं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची स्थापना 1972 ची, आपलं कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचं. इक्रिसॅटनं तयार केलेला एक वाण परभणीच्या विद्यापीठानं आपल्या रानात पारखला आणि 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ या नावानं आणला. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम लोह आणि 20 मिलिग्रॅम जस्त असतं. हिच्यात ते सुमारे 45 आणि 32 आहे. पाटणचेरूकडे बियाण्यांची पेढी आणि लोह-जस्त मोजायची सोय होती. आपल्याकडे मराठवाड्याचं काळं रान होतं, इथला लहरी पाऊस होता, आणि भाकरी थापताना पीठ कसं लागतं हे सांगणाऱ्या बायका होत्या. यातली एकही बाजू गळली असती तर वाण अडलं असतं.

मग मी पत्र लिहिलं तर मलाही बियाणं किंवा जिवाणू मिळतील?

मिळू शकतील, पण खिशात घालून आणायचे नाहीत.

देवाणघेवाणीआधी एक करारपत्र होतं. त्यात नमुना कशासाठी वापरणार, पुढे कुणाला देणार की नाही, त्यातून पैसे झाले तर वाटा कसा, हे लिहिलेलं असतं. परदेशातून येणारं बियाणं दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोमार्फत येतं आणि आधी संगरोधातून, म्हणजे क्वारंटाइनमधून, जातं, कारण बियांसोबत रोगही येतात. इथला जैविक नमुना बाहेर देशात पाठवायचा तर 2002 च्या जैवविविधता कायद्याची परवानगी लागते. कागदपत्रं कंटाळवाणी आहेत हे खरं. पण आपला माल फुकट नेऊन त्यावर दुसऱ्यानं हक्क सांगू नये म्हणूनच ती आहेत, तेव्हा फार कुरकुर करू नये.

जिवाणूंसाठी चंडीगड आणि पुण्याला राष्ट्रीय संग्रह आहेत. तिथं ठराविक शुल्क भरून कल्चर मागवता येतं. मुलांना चकित करणारी एक गोष्ट सांगतो. तुम्ही अगदी नवा जिवाणू शोधलात तरी त्याचा जिवंत नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवल्याशिवाय त्याचं नाव अधिकृत होत नाही. एकानं शोधायचं आणि कुणालाही पारखता यावं म्हणून दोन घरी ठेवायचं, असा नियमच आहे.

दोन घरी का? सीरियातलं उदाहरण पाहा. अलेप्पोजवळ गहू, हरभरा, मसूर यांची मोठी बियाणेपेढी होती. युद्धामुळे तिथं काम करणं अशक्य झालं. पण तिथल्या लोकांनी आधीच बियांच्या जोड-प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरच्या बर्फातल्या तिजोरीत ठेवल्या होत्या. 2015 मध्ये त्यांनी त्या परत मागितल्या, मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये पेरल्या, नवं बी तयार केलं आणि 2017 पासून ते टप्प्याटप्प्यानं तिजोरीत पुन्हा नेऊन ठेवायला लागले. घेतलेलं माप परत भरायचं.

आमच्या कॉलेजात साधं सूक्ष्मदर्शक धड नाही. कोट्यवधींचं यंत्र कुठून वापरणार?

विकत घेऊन नव्हे, वेळ घेऊन. केंद्र सरकारचं आय-स्टेम नावाचं पोर्टल आहे. देशात कुठल्या संस्थेत कुठलं यंत्र आहे आणि त्यावर वेळ कसा राखून घ्यायचा ते तिथं कळतं. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बाहेरच्यांसाठी उपकरण केंद्रं आहेत. इंदूरला इंडस-2 हा सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे क्ष-किरणांचा प्रचंड तेजस्वी झोत देणारं यंत्र. असलं यंत्र प्रत्येक विद्यापीठानं बांधायचं म्हटलं तर देशाला परवडणार नाही. म्हणून देश एकच बांधतो आणि सगळे पाळीनं वापरतात, गावच्या मळणीयंत्रासारखं.

एक व्यवहारी सूचना. नमुना घेऊन स्वतः जा. मी एकदा मे महिन्यात कुरिअरनं पाठवला होता. पोचला तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालेलं आणि जिवाणू केव्हाच मेलेले. तेव्हापासून थर्मास मांडीवर घेऊन रात्रीची देवगिरी पकडतो. शेजारचे प्रवासी कुल्फी आहे का विचारतात.

औंढ्याला लायगो होतंय. आपल्या हिंगोलीत जगभरच्या लोकांचं काय काम?

हा माझा आवडता प्रश्न. थोडं बसून ऐका. लायगो म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा.

दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच हलतं, आणि त्याची लहर प्रकाशाच्या वेगानं सगळीकडे पसरते. ती आपल्यापर्यंत येते तेव्हा इतकी क्षीण झालेली असते की 4 किलोमीटर लांबीच्या नळीची लांबी अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी कमी बदलते. तेवढा बदल मोजण्यासाठी काटकोनात दोन लांब निर्वात नळ्या, टोकांना आरसे आणि मधून लेसर. अमेरिकेत असे दोन संच आहेत, एक हॅनफर्डला, दुसरा लिव्हिंगस्टनला, एकमेकांपासून सुमारे 3,000 किलोमीटरवर. 14 सप्टेंबर 2015 ला दोघांनी पहिल्यांदा लहर टिपली. तिचा उगम सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवरचा. दोन्हीकडच्या नोंदींत अंतर होतं 7 मिलिसेकंदांचं.

आता त्या 7 मिलिसेकंदांवरून लहर आली कुठून ते सांगायचं. दोनच ठिकाणं असली की उत्तर नीट येत नाही. आकाशात एक लांबलचक पट्टा मिळतो, आणि त्या पहिल्या वेळी तो सुमारे 600 चौरस अंशांचा होता. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद असतो, यावरून अंदाज करा. एवढ्या आकाशात दुर्बीण कुठं रोखणार? 2017 मध्ये इटलीतला व्हर्गो नावाचा तसाच संच सामील झाला आणि 17 ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक टिपली गेली. या वेळी जागा 28 चौरस अंशांपर्यंत आवळली. गंमत म्हणजे व्हर्गोला संकेत जवळजवळ ऐकूच आला नव्हता. म्हणजे घटना त्याच्या आंधळ्या कोनात घडली, आणि ‘मला दिसलं नाही’ ही त्याची साक्षच कामी आली. लगेच जगभरच्या वेधशाळांना निरोप गेले आणि सुमारे 70 वेधशाळांनी तिकडे डोळा लावला. पुढे आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींनीही ते पाहिलं.

नकाशात हे सगळे संच उत्तर गोलार्धात वर विखुरलेत. भारतातला संच लांब आणि वेगळ्या दिशेला पडतो, त्यामुळे जागा फार नेमकी सांगता येईल. औंढा कशासाठी? तर इथली जमीन शांत. मोठा रेल्वेमार्ग, कारखाने, रहदारी यांपासून दूर. ज्या गोष्टींसाठी आपण मागासले म्हणवून घेतो, त्या इथं मोलाच्या ठरल्या. जरा विनोदच.

आता वाटणी पाहा. अमेरिका देतेय आरसे, लेसर आणि मोजणीची नाजूक सामग्री, त्यांच्याकडे तिसऱ्या संचासाठी तयार झालेली. भारत देतोय जमीन, इमारती, निर्वात नळ्या आणि माणसं. देशातही कामं वाटलेली आहेत : पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम यंत्रणा. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. आणि आपण या सावडीत नुसती जागा घेऊन आलेलो नाही. गोंगाटातून असा संकेत हुडकायच्या गणिती पद्धती घडवण्यात आयुकाचे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी 1990 च्या सुमारापासून होते, लहर सापडायच्या पंचवीस वर्षं आधीपासून.

किल्लारीच्या भूकंपाचा आणि याचा काही संबंध आहे का?

थेट नाही. पण रीत एकच.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-धाराशिवचा तो पट्टा हादरला. सुमारे 10 हजार माणसं गेली. त्या रात्रीबद्दल इथं अनेक घरांत अजून मोठ्यानं बोलत नाहीत, म्हणून मी फक्त शास्त्रापुरतंच लिहितो. दख्खनचं पठार स्थिर मानलं जात होतं, त्यामुळे जवळपास भूकंपमापकांचं दाट जाळं नव्हतं. भूकंप नेमका कुठं झाला हे एका केंद्रावरून कळत नाही. तीन ठिकाणी लहर कधी पोचली ते जुळवून पाहावं लागतं, म्हणून भूकंपशास्त्रात देशोदेशीची केंद्रं आपल्या नोंदी एकमेकांना देतात, राजकीय संबंध कसेही असोत. किल्लारीनंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं तिथं तात्पुरते भूकंपमापक मांडले. भूगर्भशास्त्रज्ञ आले, परदेशी तज्ज्ञही आले, चर खणून जुन्या हालचालींच्या खुणा तपासल्या. ‘स्थिर’ म्हटलेल्या भूभागातही घातक भूकंप होऊ शकतो, या अभ्यासात किल्लारीच्या नोंदी आजही जगभर वापरल्या जातात.

वेगळ्या विषयांचे लोक एकत्र येऊन काय करणार? भाषाच कळत नसेल एकमेकांची.

सुरुवातीला नाहीच कळत. पण वेरूळचं उदाहरण ऐका. लेण्यांतल्या भित्तिचित्रांखालचा मातीचा गिलावा दीड हजार वर्षांनंतरही शाबूत कसा, हे कोडं होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एका रसायनतज्ज्ञांकडे गिलाव्याचे कण होते आणि त्यात कसलेतरी वनस्पतीचे धागे दिसत होते. धागा कुठल्या झाडाचा हे सांगणारा माणूस इथंच, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, वनस्पतिशास्त्र विभागात होता. सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या झाडांशी ताडून पाहिलं तर निघाला गांजा. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं. गांज्याचे तंतू गिलाव्याला धरून ठेवतात आणि कीडही दूर ठेवत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष. एकाकडे भिंत होती, दुसऱ्याकडे झाड.

हे सांगितलं की मागच्या बाकावर हशा पिकतो. पिकू द्यावा. बाकी तास विसरतील, हा विसरत नाहीत.

एका पेपरवर हजार-हजार नावं असतात. मग काम केलं कुणी?

2015 मध्ये हिग्ज या अणूहूनही लहान कणाच्या वस्तुमानावरच्या एका पेपरवर 5,154 नावं होती. 33 पानांपैकी मजकूर 9 पानांचा, बाकी नावं आणि पत्ते. लग्नपत्रिकेतले ‘आपले विनीत’ फिके पडतील.

पण कण आदळवणाऱ्या यंत्राचं चुंबक बनवणारा, संगणक राखणारा, रात्रपाळी करणारा यांतला एकही नसता तर आकडा निघाला नसता. आता अनेक नियतकालिकं कुणी काय केलं ते वेगळं छापतात. माझ्या मते ते सगळ्यांनीच करावं.

आपला डेटा दिला आणि दुसऱ्यानं आधी छापला तर?

होतं असं. भीती खोटी नाही.

आमच्याच बाबतीत झालं आहे. तीन उन्हाळे दोन विद्यार्थ्यांनी चाळीस गावांतली माती गोळा केली. मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेनं ‘एकत्र काम करू’ म्हणून नमुने आणि नोंदी मागवल्या. दीड वर्षानं पेपर आला. आमची नावं शेवटी, आभारात, बारीक टायपात. पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. त्या दोघांतला एक आता बँकेत आहे.

यावरून मी डेटा देणं बंद केलं नाही, आधी लिहून घेणं सुरू केलं. कुणाचं नाव कुठं, डेटा कशासाठी, किती काळ : साध्या ईमेलवर, दोन्हीकडचं ‘मान्य’ येईपर्यंत डबा हलवायचा नाही. सावडीत तोंडी चालायचं, कारण दोघांचं रान एका शिवारात होतं.

मग उघडपणे डेटा टाकणारे वेडे आहेत का?

नाहीत. 1996 मध्ये मानवी जनुकसंच वाचणाऱ्या प्रयोगशाळा बर्म्युडात जमल्या आणि ठरवलं, वाचलेला डीएनए 24 तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा. लपवून ठेवला असता तर दहा ठिकाणी तोच तुकडा दहादा वाचला गेला असता. शिवाय दुसऱ्याला तपासू दिल्याशिवाय तुमच्या आकड्याला किंमत येत नाही. लायगोवालेही आधी स्वतः तपासतात आणि ठराविक काळानं डेटा खुला करतात. हिंगोलीचा मुलगा मोबाइलवरून तो उतरवून घेऊ शकतो.

पेपर वाचायला पैसे मागतात. काय करावं?

जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे. सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली आहेत. कॉलेज त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा. भौतिकशास्त्र आणि गणिताचे पेपर अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर 1991 पासून फुकट मिळतात. भारतातले पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत. यातलं काहीच जमलं नाही तर लेखकाला ईमेल करा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात, आपलं कुणी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप.

ईमेल लिहायचा कसा? माझं इंग्रजी कच्चं आहे.

पाच ओळी. मी कोण, तुमचा कुठला पेपर वाचला, कुठं अडलो, काय हवं, आणि माझ्याकडे काय आहे. ‘आदरणीय महोदय, आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ वगैरे नको. शेवटची ओळ मुलं हमखास गाळतात. ‘आमच्याकडे काय असणार सर?’ म्हणतात. अरे, तुझ्या बापाच्या रानात चार वर्षं कीटकनाशक पडलेलं नाही, त्या मातीचा नमुना मुंबईच्या माणसाला कुठून मिळणार?

शेतकऱ्यांचं यात काही आहे की नुसतं आमच्याकडून न्यायचं?

पुष्कळ आहे. हुरड्याची गुळभेंडी काय किंवा दगडी ज्वारी काय, हे वाण प्रयोगशाळेनं नाही, घरातल्या बायकांनी कणगीत जपले. 2001 च्या कायद्यानुसार शेतकरी आपलं वाण स्वतःच्या नावानं नोंदवू शकतो. नमुना देताना गावाचं नाव, घरातल्या माणसाचं नाव आणि तारीख पाकिटावर लिहायला लावा. आम्ही लिहितो.

कॉलेजातल्या डीप फ्रीझरमध्ये आमच्या संस्थेचे नमुने ठेवता येतील का?

येतील, खालचा कप्पा मोकळा आहे. पाकिटावर नाव आणि तारीख हवी. एप्रिल-मेमध्ये मात्र ठेवू नका. त्या काळात वीज चार-चार तास जाते, इन्व्हर्टर दीड तास टिकतो, आणि मग आम्हीच आमचे नमुने थर्मासात भरून दुसऱ्याच्या दारात जातो.